एका मुठीचा घोळ

अक्का, दुपारी रोटाचं पीठ दळून आणलं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. डबा ओट्यावर ठेवलाय, त्यावर तुमचं लाल फडकं टाकलंय, आणि मी दर थोड्या वेळाने उठून ते फडकं सारखं करून येतेय. उद्या कानबाई बसायची. चौरंग धुऊन वाळत घातलाय, केळीचे खांब गच्चीच्या जिन्यात आडवे ठेवलेत, गंगाफळ आणलंय, डाळ निवडून झालीये. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त एक मूठ गहू कुठे गेले ते मला कळत नाहीये, आणि ही गोष्ट ज्या बाईला सांगता आली असती ती बाई तुम्ही, म्हणून कागद घेऊन बसले. हसाल तर हसा.

मी तुमच्या पारोळ्याच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला कानबाईच्या रोटातलं, त्या नैवेद्याच्या पोळ्यांतलं, काहीच माहीत नव्हतं. माझ्या माहेरी, धुळ्याला, रोट कधीकाळी बंद पडले होते. घरात कुणीतरी नेमकं त्या दिवसांत गेलं, मग ते खोटे झाले, म्हणजे मोडले, आणि पुन्हा सुरू करायचं कुणी मनावर घेतलं नाही. तुम्ही मला पहिल्या वर्षी परातीपाशी बसवलंत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचे. मूठ झाली की वरून चार बोटांत मावतील तेवढे दाणे, तो सव्वातला पाव. मी शहाणी, मधेच विचारलं, "अक्का, चुलतभाऊ वेगळे राहतात, त्यांचं पण घ्यायचं का?" तुम्ही परात उचललीत आणि सगळे गहू परत कणगीत ओतलेत. मला वाटलं आता घरातून काढतात. मग पुन्हा मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "नाव ली, मूठ टाक. मझार बोलानं नई." मधे बोलायचं नाही, तेवढंच. दुसऱ्या खेपेला मी श्वाससुद्धा जपून घेतला. सगळं झाल्यावर, तुमचा चेहरा जरा सैल झालेला बघून, मी विचारलंच की बायांच्या नावाची मूठ का नाही. तुम्ही हात झटकत होतात. "बठ्ठ्या मुठी आपलाच हातन्या शेतस. मंग आपली येगळी कसाले?" सगळ्या मुठी आपल्याच हातच्या, मग आपली वेगळी कशाला, हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही.

आता खरं ते सांगते. तुमच्या मुलाचा आवाज गेलाय. होळीच्या सुमारास बसला, आम्ही म्हटलं धूळ असेल, आइस्क्रीम असेल, गुरुवारच्या भजनात ओरडणं असेल. तुम्हाला ठाऊकच आहे त्यांचं गाणं. भुसावळला रेल्वेत असताना जमवलेली ती मंडळी, निवृत्त झाल्यावर सगळे जळगावला एकमेकांच्या आसपास येऊन राहिले आणि दर गुरुवारी दत्ताच्या देवळात पेटी, टाळ घेऊन बसायला लागले. त्यातला एकही जण गाणं शिकलेला नाही. तुमचा मुलगा वरच्या सुराला हात घालायला निघाला की मी आतून कुकरची शिट्टी होऊ द्यायचे, म्हणजे शेजारी आम्हाला नाही, कुकरला नावं ठेवतील. तीस-पस्तीस वर्षं मी ह्या माणसाला म्हणत आले, जरा गप्प बसा. आणि आता डॉक्टरांनी गप्प बसवलंय. घशातला तुकडा काढून तपासायला बाहेर पाठवलाय, आणि तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. घरात इतकी शांतता आहे की फ्रिज चालू झाला तरी दचकायला होतं. चहा हवा असला की हे टेबलावर दोन बोटांनी ठेका धरतात. आधी मला त्याचं हसू यायचं. आता ठेका ऐकला की मी पळत जाऊन चहा ठेवते.

आज सकाळी मी परात घेऊन बसले. हे समोरच टेबलापाशी बसलेले, वर्तमानपत्र उघडून. मी तुमच्या थोरल्याचं, ह्यांच्या मोठ्या भावाचं, नाव घेतलं, मूठ टाकली. आणि फोन वाजला. मी उचलायला नको होता, मला कळतं. पण पडद्यावर दवाखान्याचं नाव दिसलं. मूठ माझ्या उजव्या हातात होती की नव्हती हे मला आठवत नाही. फोन डाव्या हाताने घेतला एवढं आठवतं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "रिपोर्ट सोमवारी येईल, दुपारी या. आणि मॅडम, सोबत अजून कुणाला तरी घेऊन या." मी म्हटलं, बरं. अक्का, सोबत कुणाला तरी घेऊन या असं ते कधी सांगतात? सगळ्यांनाच सांगतात का? की काही असलं तरच सांगतात? मी फोन ठेवला, ह्यांच्याकडे बघून उगाच हसले, आणि पुढचं नाव घेतलं. पुण्याला असलेल्या आपल्या पोराचं. त्याची मूठ टाकली, मग पुतण्यांची, मग थोरल्याच्या घरातल्या तान्ह्याची. फडक्यात बांधून गिरणीत नेऊन दिले. रोटाचे गहू म्हटल्यावर गिरणीवाल्याने जातं झाडून घेतलं, आपले आधी दळले. परत येताना रिक्षात पिशवी मांडीवर होती, पीठ अजून गरम होतं, आणि चौकात सिग्नलला थांबल्यावर माझ्या मनात आलं, ह्यांची मूठ मी टाकली का?

तेव्हापासून हेच चाललंय. थोरल्याची टाकली, मग फोन, मग पोराची. मधली? डोळे मिटून बघते तर कधी दिसतं की फोन वाजायच्या आधी मी ह्यांचं नाव घेतलं होतं, अगदी स्पष्ट दिसतं, आणि कधी तेवढंच स्पष्ट दिसतं की मुठीतले गहू मी फोन घेताना डब्यात परत सोडले. परातीत ढीग एकच होता, त्यात कुणाची मूठ कुठली ते कुठे लिहिलेलं असतं? तुम्ही असतात तर परात उलटी केली असतीत आणि विषय संपला असता. पण आता दळून झालंय, आणि रोटाचं पीठ एकदा दळलं की ते मागे फिरवायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, वाया घालवायचं नाही, हेही तुमचंच. बरं, वरून एक मूठ घालावी, तर आधी पडलेली असली म्हणजे? मग एक मूठ जास्त होते, घरात नसलेल्या पुरुषाची. कमी पडली तर हे नाहीत, जास्त पडली तर नसलेला कुणी आहे. दोन्ही बाजूंनी माझा जीव टांगणीला. आणि तिथे बसून बघणारा एकच साक्षीदार, त्याला विचारायचं कसं? विचारायचं म्हणजे सांगायचं की बाबा रे, घरातल्या सगळ्यांना मी आठवलं, तुला आठवलं की नाही ते आठवत नाही. सोमवारी दवाखान्यात जायचंय आणि त्याआधी मी त्यांना हे ऐकवू?

मी विज्ञान शिकवत आले, अक्का. वर्गात पोरींना सांगायचे की मांजर आडवं गेलं तर समजावं, मांजराला कुठेतरी जायचं होतं. तुमच्यासमोर देवाधर्माचं सगळं हातून करत होते, पण मनात नेहमी एक खुर्ची जरा लांब टाकून बसलेली असायचे. तुम्हाला ते दिसत होतं, तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. पुरण वाटून हात दुखले की मी कुरकुरायचे, आणि पोळ्या झाल्या की सगळ्यात आधी मीच खायचे. आणि तुमचं ते एक, ज्याचा मला फार राग यायचा. सगळ्यांत शेवटी बसायचात, ताटात जेमतेम एक पोळी, आणि तीही मोडून अर्धी मुलाच्या ताटात. "माले ज्यास्ती व्हस, तू खाय." जास्त कसली होते? सकाळपासून पोटात काही नसायचं. मी एकदा चिडून म्हटलंही, अक्का, त्यांच्या ताटात तूप उतू चाललंय, तुम्ही खा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी भाषाच दुसरी बोलले. आता पोरगा पुण्याहून येतो तेव्हा माझाही हात आपोआप ताटाबाहेर जातो. म्हणजे श्रद्धा मी तुमच्याकडून घेतली नाही आणि खोड घेतली.

गाण्यांचं तर विचारूच नका. उद्या संध्याकाळी कानबाईपुढे बसून म्हणायची कुणी? गल्लीतल्या बायका येतील, पण त्या माझ्या तोंडाकडे बघणार, कारण घर माझं. मला धृपदं येतात, मधली कडवी येत नाहीत. तुम्ही असताना मी मागून ओढायचे, पुढून म्हणायची वेळच आली नाही. तुमच्या त्या पाळण्याच्या गाण्यात तिसऱ्या ओळीला तुम्ही दरवर्षी घसरायचात. तुमचा मुलगा पेटी घेऊन बसायचा आणि म्हणायचा, अक्का, इथे सूर वर जातो. तुम्ही पुन्हा तिथेच घसरायचात. एकदा तो जास्तच मागे लागला तेव्हा म्हणालात, "गानं मन्हं शे, पेटी तुन्ही शे." आणि मी चुकले, रडवेली झाले, तेव्हा मला: "सूर चुकना ते चुकू दे. कानबाई काय मास्तरीन शे का, चुका काढाले?" सुराला इतकी मोकळीक आणि मुठीला मात्र नाही. आज दुपारभर मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय की जी देवी सूर सोडून देते ती मूठ का धरून ठेवेल?

इथवर लिहून मी उठले होते. पेन तसंच ठेवलं, कागदावर वाटी पालथी घातली, स्वयंपाकघरात गेले आणि गव्हाच्या डब्यात हात घातला. फोन बंद करून आले होते. नाव घेतलं, मूठ काढली, वरचे चार बोटांतले दाणेही घेतले. गिरणीत आता कोण जाणार, म्हणून मिक्सरमध्ये फिरवले. हो, मिक्सरमध्ये, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत हात लावला नाहीत. जरा जाडसर झालं, चाळून त्या पिठात मिसळलं, हाताने खालीवर केलं. मिक्सरच्या आवाजाने हे उठून दाराशी आले. डब्याकडे बघितलं, माझ्या पिठाच्या हाताकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, ही कुणाची? मी म्हटलं, "अक्कांची." पुढे काही विचारायची सोय नव्हतीच त्यांना. वळून आत गेले. मग आतल्या खोलीतून पेटीचा भाता हलल्याचा आवाज आला. किती आठवड्यांनी. तुमचं पाळण्याचं गाणं काढलं त्यांनी, अगदी हळू, आणि तिसऱ्या ओळीला मुद्दाम घसरले, तुम्ही घसरायचात तिथेच. मी ओट्याला धरून उभी होते. धृपद मी म्हटलं, मग पहिलं कडवं आठवलं तेवढं म्हटलं, आणि रडायला लागले म्हणून थांबले. पेटी नाही थांबली.

हे पत्र कुठे टाकणार? उद्या घडी करून चौरंगाखाली सरकवेन असं आत्ता वाटतंय, आणि उद्या ते करायची मला लाज वाटेल, म्हणजे बहुतेक माझ्या शाळेच्या जुन्या वह्यांमध्येच राहील. पण एक कबूल करून ठेवते. ह्यांना वाटलं मी तुमचा मान म्हणून तुमच्या नावाची मूठ घातली, बायांना कधी न मिळालेली. तसं काही नाही, अक्का. ह्यांची मूठ सकाळी पडली असेल, तर ही तुमची, सुखाने घ्या. आणि पडली नसेल, तर तुम्ही ती स्वतःच्या ताटात ठेवणार नाही, मोडून ह्यांच्याकडेच सरकवाल, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तुमचं नाव घेतलं.