वाळवंटात बाळकृष्णाला नेलं त्याची हकीकत

ती. मुक्ताआत्याच्या पायांवर कॉटबुसहून गौरांगचं डोकं. (बाकीचा गौरांग सध्या सुमितदादाच्या हॉलमधल्या सोफ्यावर आहे आणि त्याचे पाय सोफ्याबाहेर आहेत.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? पत्र बघून दचकू नकोस. फोन का केला नाही ते पुढे कळेल. तूर्तास एवढंच लक्षात ठेव की या घरात तुझा फोन नेहमी स्वयंपाकघरात, स्पीकरवर आणि वहिनीच्या हातात असतो.

तुझा मुलगा मजेत आहे. वजन वाढलंय, पण उंचीमुळे कळत नाही. स्वरूपावहिनीही बरी आहे. तिची आई, म्हणजे तुझ्या विहीणबाई अरुंधतीकाकू, संगमनेरहून तीन महिन्यांसाठी आल्यात, आणि माझं सगळं त्यांच्यापासून सुरू होतं. त्या आतल्या खोलीत गेल्या म्हणून मी हॉलमध्ये आलो. बागकामाचं माझं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचा कोर्स, सप्टेंबरात सुरू होणार. तोवर मला इथे राहू द्यायचं की नाही, हे वहिनीने अजून ठरवलेलं नाही. तिचं म्हणणं, भावजी, तुम्ही सुरू केलेलं एक तरी काम संपलेलं मला दाखवा. आता डिप्लोमा मी अर्ध्यात सोडला हे खरं आहे. बेकरीतली नोकरी करकोच्यांमुळे गेली. (समोरच्या धुराड्यावर घरटं बांधत होते. मी बघत राहिलो. आत पाव जळले. आत्या, करकोचे बघायला पाहिजे होतेस.) तेव्हा वहिनीने मला एक काम दिलं: एका रविवारी आईला कुठेतरी हिंडवून आणा आणि तिला संध्याकाळी जशीच्या तशी परत करा. हे जमलं तर सप्टेंबरपर्यंत सोफा माझा.

मी म्हणालो, काकूंना वाळवंट दाखवतो. हसू नकोस, जर्मनी असली तरी इथून उत्तरेला तासाभरावर खरंच वाळवंट आहे. रशियन रणगाडे तिथे इतकी वर्षं सराव करत होते की गवताने नाद सोडला. रणगाडे गेले, वाळू राहिली. आता तिथे लांडगे असतात म्हणे, आणि वसंतात फुलं येतात. मोबाइलवर ‘वाळवंटातली फुलं’ असं शोधून मी काकूंना फोटो दाखवला: क्षितिजापर्यंत जांभळा, केशरी, पिवळा गालिचा. काकू म्हणाल्या, अगदी आमच्या कास पठारासारखं की रे. लगेच इस्त्रीची साडी काढली. तो फोटो अमेरिकेतल्या वाळवंटाचा होता, हे मला ट्रेनमध्ये कळलं. मी मोबाइल खिशात ठेवला आणि खिडकीबाहेरचे शतावरीचे वाफे दाखवायला लागलो.

स्टेशनवरून पुढे बस होती, तिला रूफबुस म्हणतात. म्हणजे आधी फोन केला तरच येते, नाहीतर जगात ती बस नसते. (मला हे फार आवडलं. माणसांचंही असं असायला हवं होतं. असो.) जातानाची बस वहिनीने बोलावून ठेवली होती, त्यामुळे ती आली. येतानाची मी बोलवायची होती. हेही जरा लक्षात ठेव.

उतरलो तर समोर वाळू, वाळूत खुंटांनी आखलेली पायवाट, आणि लांब पाइनची झाडं. गालिचा नव्हता. चटईही नव्हती. काकूंनी फक्त पदर खोचला. हे बोलण्यापेक्षा वाईट. तासभर चालल्यावर मी घाबरून गुडघ्यांवर बसलो, तेव्हा वाळूत पांढरं काहीतरी दिसलं: मोहरीच्या दाण्याएवढी फुलं, बोटभर उंचीची झाडं, पण हजारोंनी. उभं राहिलं की काही नाही, बसलं की सगळी जमीन फुललेली. त्यांचं नाव हुंगरब्ल्यूमशेन, म्हणजे भुकेची फुलं, कारण जिथे खायला काही नाही तिथेच ती येतात. माझ्याशी त्यांचं लगेच जमलं. काकूही बसल्या, चष्मा पुसला, म्हणाल्या, “अगं बाई, एवढुशी,” आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या ओंजळीत वीसेक झाडं मुळासकट.

आता तू सांग, यात त्यांची काय चूक? तू स्वतः सकाळी फिरायला जाताना पिशवी नेतेस आणि अर्ध्या चिंचवडच्या कुंपणांवरची जास्वंद घेऊन येतेस. देवाला न्यायचं फूल कुणाला विचारून तोडायचं असतं का? पण पायवाटेवरून टोपी घातलेल्या एक बाई आल्या. त्या भागाची राखण करणाऱ्या स्वयंसेवक. त्यांनी ओंजळीकडे असं पाहिलं की जणू आत पिल्लू आहे. राखीव जागा आहे, इथलं काहीही न्यायचं नाही, असं मला जर्मनमध्ये बराच वेळ ऐकवलं.

काकूंनी विचारलं, “काय म्हणतायत?”

“न्यायची नाहीत म्हणतायत.”

“सांग, माळायला नकोयत. देवाला हवीत.”

मी सांगितलं. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, “आल्झो, मग तुमच्या देवाला इथे येऊन बघू दे.”

मी भाषांतर करताना चाचरत होतो. पण काकूंना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच पर्स उघडली आणि बाळकृष्ण बाहेर काढला. तोच, आत्या. वहिनीच्या लग्नात अन्नपूर्णेबरोबर काकूंनीच दिलेला, गुडघ्यावर रांगणारा. आम्ही पहाटे निघालो, त्याची आंघोळ राहिली, नैवेद्य राहिला, त्याला दिवसभर उपाशी कसं ठेवायचं, म्हणून काकूंनी वहिनीला न सांगता त्याला बरोबर घेतलं होतं. मग पायवाटेच्या कडेला रुमालावर रीतसर पूजा झाली. बाटलीतल्या पाण्याची आंघोळ, उपटलेली फुलं (बाईंच्या मते आता तोडलीच आहेत तर वाहा), गुळाचा खडा. बाईंनी टोपी काढली. त्यांनाही गूळ मिळाला.

गुळाला मुंग्या आल्या. मुंग्यांसाठी की बाळकृष्णासाठी यावर अजून आमच्यात वाद आहे, पण तेवढ्यात डोक्यावर तुरा असलेला पक्षी तुरुतुरु चालत आला. हुदहुद. बाई श्वास रोखून कुजबुजल्या, “वीडेहोप्फ.” पलीकडच्या टेकाडाआड पहाटेपासून नळकांड्यांएवढ्या लेन्स लावून पालथे पडलेले चौघे त्याच्यासाठीच आलेले होते. ते कोपरांवर सरपटत आले. काकू म्हणाल्या, हा तर आमच्या अंगणात रोज येतो, आणि पालथ्या माणसांना उपाशी बघवेना म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एकेक दशमी ठेवत गेल्या. फॉइलचा आवाज झाला, पण दशमी मिळाल्यावर कुणी तक्रार केली नाही. मी हुदहुदाकडे बघत राहिलो, आणि बस बोलवायची वेळ केव्हाच टळून गेली.

पण बाई शेवटची ट्रेन मिळवून द्यायला त्यांच्या गाडीतून आम्हाला घेऊन निघाल्या. पटापट आवरलं: डबा, रुमाल, फॉइलचे कपटेसुद्धा. बाई वाटेत म्हणाल्या, इतकी शिस्तीची मंडळी मी पाहिली नाहीत, तुम्ही मागे काहीच सोडलं नाहीत. मी ते वहिनीला शब्दशः सांगितलं. काकूंनीही माझी फार स्तुती केली. वहिनी म्हणाली, बघू. आत्या, तिच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे जवळजवळ ‘हो’. तेव्हा काळजी नसावी. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
गौरांग

ता. क. बाळकृष्ण राहिला. मला वाटलं काकूंनी घेतला, काकूंना वाटलं मी घेतला. दुसऱ्या दिवशी बस नीट फोन करून बोलावली आणि गेलो, तर हुदहुदाने जवळच घरटं धरलंय म्हणून तेवढ्या भागाला दोरी बांधलेली. टोपीवाल्या बाईंच्या दुर्बिणीतून तो दिसतो, फुलांत रांगताना. आमचा देव आत आहे म्हटलं, तर म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, मग पिल्लं उडेपर्यंत तोही संरक्षित. म्हणजे जुलै. तेव्हा तुळशीबागेतून तसाच एक घेऊन श्यामकांतकाकांबरोबर पाठव. ते पुढच्या आठवड्यात इथे राहायला येतायत. डाव्या हातातल्या लोण्याच्या गोळ्याला चेप आहे, तो दगडाने तूच पाड.

ता. क. २. काकूंनी मला शपथ घातलीय की जगात कुणालाही सांग, पण विहीणबाईंना सांगू नकोस. तेव्हा तुला माहीत नाही. देव्हाऱ्यात सध्या वस्त्र पांघरून जे बसलंय ते माझ्या सायकलच्या घंटीचं झाकण आहे. त्याला रोज आंघोळ मी घालतो. सुमितदादा काल प्रमोशनच्या मीटिंगला जाताना त्याच्या पाया पडून गेला. प्रमोशन मिळालं.

ता. क. ३. पाकीट बंद करता करता लिहितोय. आज सकाळी देव्हाऱ्यात झाकणाशेजारी घंटीचा खालचा भागही होता, स्क्रूसकट, आणि दोन्हींपुढे साखर. ऑफिसला निघताना वहिनी बूट घालत म्हणाली, “भावजी, आईंना पत्र लिहिताय ना? माझा नमस्कार कळवा. आणि म्हणावं, चेप उजव्या हातातल्या गोळ्याला आहे.” मग सोफ्याच्या चादरी मशीनमध्ये टाकून गेली. त्या धुऊन मला परत मिळणार की श्यामकांतकाकांना, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तू विचार. फोन स्पीकरवर असला तरी आता चालेल.