शंभराचा मान

२६ ऑक्टोबर १९५७, शनिवार

आज पुन्हा! भात पसवायला भांडं कलतं करून पेज काढताना सासूबाईंनी ती उकळतीच हातावर ओतून घेतली. गेल्या आठवड्यात भाजीत मीठ दोनदा पडलं, आज हे. होणार नाही तर काय? चांद्यासारख्या शहरात घर, घरात विजेचे आठ बल्ब — आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात!

सासरे, आमचे मामाजी, ओसरीतूनच गरजले, “म्हातारीले उठवा आता चुलीपासून. दोन-दोन सुना हायेत ना!”

मी सासूबाईंच्या हाताला कोरफड लावत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “अन्नपूर्णा, चूल गेली तं या घरात मी कोन वं?”

मला राहवलं नाही. लग्न झाल्यापासून मामाजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. आज पदर सावरून दारातूनच सांगितलं — दोष अंधाराचा आहे. स्वयंपाकघरात बल्ब लावा, मग बघा. मामाजी म्हणाले, “ठीक हाय. पन बल्ब लागल्यावरबी असंच झालं, तं चूल सुनांची.”

कबूल केलं मी!

२८ ऑक्टोबर

गुलाम रसूल वायरमन आला. मीटर पाहिलं, छत पाहिलं, बाहेर जाऊन पान थुंकून आला. “नाई होत, बाई. एका सर्किटवर आठशे वॅट. तुमचे आठ बल्ब, सब शंभर-शंभरचे. भर गया मटका.”

दुसरं सर्किट ओढा म्हटलं, तर त्याला म्हणे अर्ज, तपासणी, मंजुरी. होळीपर्यंत झालं तर नशीब.

पण सगळे शंभरचेच कशाला? तर मान! मामाजींच्या बैठकीत शंभरचा लागला. मग भासरे, यांचे मोठे भाऊ, त्यांच्या खोलीत कमी कसा चालेल? त्यांना शंभरचा, मग यांना का नाही? लग्नात आहेराच्या शेल्यावरून रुसतात, तसे हे लोक वॅटवरून रुसले. घरात वीज आली कुठे, मानपान आला.

स्वयंपाकघर कोणाच्याच मानात बसत नाही.

३० ऑक्टोबर

शंभर गुणिले आठ. कसंही मांडा, आठशेच! चामोर्शीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले ती हे कळायला.

३१ ऑक्टोबर

एकानेच, फक्त एकानेच शंभरचा काढून चाळीसचा लावला तर साठ वॅट मोकळे होतात. एवढं साधं गणित घेऊन आज घरभर फिरले.

आधी यांनाच म्हटलं, आपल्या खोलीतला बदलू. “भाऊच्या खोलीत शंभर अन् माह्या खोलीत चाळीस? लोक काय म्हनतीन!” कोणते लोक? आमच्या खोलीत कोण लोक येतात?

भासरे — “मी मोठा हाओ.” झालं, संपलं!

तांदळाच्या कोठीतला? मामाजी — “गिऱ्हाइकाले दाना दिसाले पाह्यजे.” गिऱ्हाइकाला दाणा दिसायला हवा, बायकोला स्वतःचा हात नाही दिसला तरी चालेल. ओसरीतला आणि दाराबाहेरचा म्हणे घराची शोभा. जावईबापू पहिल्या दिवाळसणाला आलेत ते अजून मुक्कामाला, त्यांच्या खोलीचं तर नावच काढायचं नाही.

आणि कहर म्हणजे सासूबाई! “राहू दे वं. मले नाई पाह्यजे बल्ब. चिमणी पुरते.” अस्सा संताप आला! हिच्यासाठी मी घरभर वाईट होते आहे आणि हीच पाय मागे घेते. म्हटलं, तुमच्या या गरीब गायीच्या स्वभावानेच हात भाजला तुमचा. त्या खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. मग माझं मलाच वाईट वाटलं.

२ नोव्हेंबर

जावईबापूंनी खोलीतला बल्ब काढला आणि होल्डरमध्ये इस्त्री लावली. धोतराला कडक घडी हवी! ती इस्त्री एकटीच सात बल्बांएवढी वीज खाते. फट् — फ्यूज गेला, घर अंधारात.

बोलणी कोणाला? मला! भासरे म्हणतात, “सैपाकघरातल्या बल्बाचं नाव काढलं तवापासून असंच होऊन राह्यलं.” म्हणे! न लागलेला बल्ब फ्यूज उडवतो. इस्त्रीबद्दल चकार शब्द नाही — जावई ना ते!

४ नोव्हेंबर

सुचलं! देवघर!

देवालाही शंभरचाच दिला आहे. चाळीसचा केला तर साठ उरले, ते स्वयंपाकघराला. बाकीचे सातशे, देवाचे चाळीस, चुलीचे साठ — आठशे! एक वॅट जास्त नाही!

मामाजींनी डोळे वटारले. “देवाचा मान कमी करतं का वं?”

म्हटलं, देवापुढे समई आहेच. आणि या घरात न रुसणारा तो एकटाच आहे.

बोलून गेले आणि जीभ चावली. तोच जावईबापू फस्सकन हसले. मामाजींनाही मिशीतलं हसू लपवता आलं नाही. “बलाव गुलामले,” म्हणाले. इतका आनंद तर सातवी पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

५ नोव्हेंबर

दिवेलागणीला बल्ब लागला. भिंतीची काजळी, मडक्यावरचा पोपडा, सगळं लख्ख दिसायला लागलं. मी चिमणी फुंकली. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या, तोंड वर करून, थेट बल्बाकडे. डोळे उघडे. पापणीसुद्धा हलली नाही.

“काऊन उशीर करून राह्यला तो रसूल?” त्यांनी विचारलं. “अजून लागला नाई का वं बल्ब?”

ओसरीतून मामाजींनी आवाज दिला, “काय वं, दिसते ना आता म्हातारीले?”

मी म्हणाले, “हो. सगळं दिसतं.”

आणि भात मीच पसवला.