तोक्पाच्या हातची ठिगळं

गांटा, लायबेरिया
३ मे २००५

ती. येईताईस,

सा. न. वि. वि. आमची शांतीची झोपडी उभी राहिली गं! बायकांचे तंटे आता बायकाच मिटवणार. तंटा मिटला की दोघींनी एकाच भांड्यातून पाणी प्यायचं. मतदार नोंदणीही इथूनच करतोय. पावसाआधी छप्पर हवं होतं, ते गोंकार्तीने दिलं. हो, तोच. आता बंदूक सोडून निवडणुकीला उभा आहे. फोटो सोबत पाठवलाय. महिनाअखेरीस उद्घाटन आहे, पांढरे कपडे घालून ये. तुझा मिरच्यांचा बाजार कुठे पळून जात नाही. पामतेलातलं कालवण करते.

धाकटीवरची माया आहे तशीच राहो.

तुझी नोन

मोनरोव्हिया
९ मे

चि. नोन,

आशीर्वाद या खेपेला राहू दे. फोटोत डावीकडचा तिसरा पत्रा बघ. चपलेच्या रबराची तीन ठिगळं आहेत, डांबराने चिकटवलेली. ती माझ्या तोक्पाने लावली होती. गोंकार्तीची माणसं आमचं छप्पर उतरवायला आली तेव्हा तो वरच बसून राहिला. खाली आला तो मेलेलाच. आणि त्याच पत्र्यांखाली तू शांती शिकवणार? लढाई थांबावी म्हणून आपण दोघी पांढरे कपडे घालून महिनोन्‌महिने चिखलात बसलो, ते याच्यासाठी? लाज कशी वाटली नाही तुला? कालवण तूच गिळ.

येई

गांटा
१४ मे

ती. ताईस,

सा. न. पत्रे गाडीतून उतरले तेव्हाच मी ठिगळं ओळखली. घरी जाऊन भावोजींसाठी रडले, आणि परत येऊन खिळे माझ्या हाताने ठोकले. खा मला फाडून! पण पाऊस लागलाय. खाली बत्तीस जणी बसतात, त्यातल्या निम्म्यांची घरं त्यानेच जाळलीत. त्याला मत एकही देणार नाही, छप्पर मात्र घेणार. तू तिकडे बसून ओरडतेस. या गावात त्याचं तोंड बघत राहायला मीच परत आले ना?

रागाने का होईना, दोन ओळी लिहीत जा.

नोन

मोनरोव्हिया
२० मे

नोन,

बाजारातली जागा सोडली. गुरुवारी पोचते, पांढऱ्या कपड्यांत. तिसऱ्या पत्र्याखाली मला जागा ठेव. तुमच्या झोपडीत पहिली तक्रार माझी, गोंकार्तीवर, तोक्पाच्या खुनाची. त्यालाही बोलावणं धाड, बत्तीस जणींसमोर येऊ दे.

दुसरी तक्रार तुझ्यावर आहे. पाण्याचं भांडं घासून ठेव. मी त्यातून पिईनच असं मात्र धरून चालू नकोस.

येई