कोरडी हवा

प्रिय व्हर्लिन,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. ॲरिझोनाची हवा डॉक्टर म्हणाले तशीच कोरडी आहे. तू इथे नक्की कमी खोकशील. तेच बघायला हिवाळ्यापुरती इथल्या हॉस्पिटलात ही नर्सची नोकरी धरली, म्हणून ते आधी सांगते.

वॉर्डातले निम्मे पेशंट आपल्यासारखेच, उत्तरेतल्या थंडीला कंटाळून आलेले. नॉर्थ डकोटाचे ऑर्विल आजोबा बायकोच्या दम्यासाठी घर विकून इथे आले. तिचा खोकला खरंच थांबला होता म्हणे. नाताळानंतर हृदय बंद पडून ती आमच्याच वॉर्डात गेली. आजोबा अजून रोज दुपारी येतात आणि तिच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसतात. खाटेवर आता दुसरंच कोणी असतं.

काल आमची हेडनर्स डोलोरेस म्हणाली, "आजोबा, आमचं सूप इतकं आवडलं का?"

"सूप भिकार आहे," ते म्हणाले. "पण या गावात माझं नाव फक्त तुम्हालाच माहीत आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा नवरा कधी येतोय, पोरी? पत्ते खेळतो ना?"

मी हो म्हटलं.

दारातला बर्फ शेजारच्या हॅरल्डला काढू दे. तू फावड्याला हात लावू नकोस. रविवारी चर्चनंतर कॉफीला थांबतोस ना? कोण कोण असतं, ते लिही.

आपलं घर विकत घेणाऱ्यांना अजून होकार देऊ नकोस. मी दिवसभर वॉर्डात असेन, व्हर्लिन. तू कुठे जाऊन बसशील?

तुझीच,
आर्लिस