शेवटचा बिंदू जुळेना

१० जानेवारी १९६२, यवतमाळ
आज प्रॅक्टिकलमध्ये मैदानाची मोजणी. प्रत्येक खुंटीवर होकायंत्रानं कोन, साखळीनं अंतर, आणि फिरून पहिल्या खुंटीवर. मैदानात पोचले. कागदावर नाही. शेवटचा बिंदू पहिल्यापासून बोटभर लांब राहिला.
भूगोल घेतला तो नद्या, वारे, पिकं आवडतात म्हणून. आत इतकं गणित आहे हे सांगणारं कोण होतं? घरात माझ्याआधी शाळेत कोणी गेलंच नाही. मॅट्रिकला आम्हा मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

१२ जानेवारी
सरांना फट दाखवली. म्हणाले, "सगळ्यांचीच राहते. चूक सर्व बाजूंवर लांबीप्रमाणे वाटून टाका, आकृती मिटते."
"पण सर, जी बाजू बरोबर मोजली तिच्यावरही?"
"कुठली बरोबर हे तुम्हाला ठाऊक आहे का? नाही ना? म्हणून तर गणित."
वर्ग हसला. मला मात्र ते खोटं लिहिल्यासारखंच वाटतं.

२३ जानेवारी
लोखंडानं सुई हलते असं पुस्तकात आहे. केसांतले आकडे, सेफ्टी पिना काढून पुन्हा मोजलं. केस सुटले. वर्गातली निर्मला ओरडली, "काहून वं कुसुम, अंगात आलं काय?" मुलं खिदळली.
तरी फट. या वेळी दुसऱ्या बाजूला.

६ फेब्रुवारी
मोजणीच्या ताळ्याला साइन, कॉस लागतात. निर्मलाला विचारलं. तिनं मनापासून समजावलं, मी मान हलवली. काही कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते.
बाबा म्हणाले होते, "पास होत जाशील तवर शीक पोरी. नापास झाली तं मंग लोकायले मी थांबवू नाई शकत." केळापूरची माणसं माझ्या लग्नाचं दिवाळीपासून विचारताहेत.

१४ मार्च
परीक्षा झाली.
आज आकृती मिटली. आपोआप. चूक कुठे वाटून टाकली नाही, काही खोडलं नाही, रेघ सरळ पहिल्या बिंदूवर गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद उजेडात धरला.
"इतकं तंतोतंत? खरं सांगा, शेवटची रेघ ओढून जुळवली ना?"
नाही म्हटलं.
"मग कोन-अंतरांवरून गणितानं ताळा करून दाखवा. जुळला की माझी शंका गेली."
लॉग टेबल पुढे सरकवलं. कुठल्या रकान्यात पाहायचं तेच कळेना. आकडे नुसते. परीक्षकांनी घाई केली नाही. मग पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.
सर खिडकीशी होते. त्यांनी पुढच्याचा कागद उचलला.

१७ मार्च, आर्णी
एस.टी.तून उतरले तर बाबा स्टँडवरच.
"कसं झालं वं?"
"नकाशा जुळला, बाबा."
"मंग झालं तं!" वाटेत भेटेल त्याला सांगत आले, आमच्या पोरीचा नकाशा जुळला म्हणून. घरी माय म्हणाली, केळापूरचे येत्या रविवारी मुलगी पाहायला येऊन राह्यले. बाबा खवळले, "निकाल लागू दे म्हनाव त्यायले. पास हाये पोरगी."
मी एक शब्दही खोटं बोललेले नाही. बाबा अंगणात अजून कोणाला तरी तेच सांगताहेत. बाहेर जाऊन त्यांना थांबवावं, पण सांगायचं काय, नकाशा जुळला तरी मी नापास होऊ शकते?