पडदा काळा होतो तेव्हा

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझं नाव काढलेलं आईला अजून चालत नाही. धाकटी गेली आणि वर्षभरात तू तिच्यावर सिनेमा काढलास, तेव्हा "मेलेल्या पोरीचा बाजार मांडलास" म्हणत आईनं तुला घराबाहेर काढलं. तोच सिनेमा ती आता रोज बघते. मला सोबत नेते. थिएटरात आम्ही दोघीच असतो, डोअरकीपर तिकिटंसुद्धा बघत नाही.

ती सिनेमाला सारखी नावं ठेवते. "माझं काम करणारी बाई काय रडते," म्हणते. मग पडदा काळा होतो आणि तू कधीतरी फोनवर टिपलेला धाकटीचा खरा आवाज येतो, "आई, दार उघड ना, किती वेळ?" आई "आले गं, आले" म्हणत उठते आणि थेट बाहेर चालू लागते. शेवट तिनं एकदाही पाहिलेला नाही.

आज सिनेमा उतरला. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही दोघी सोडून येतंय कोण?" तो आवाज आता फक्त तुझ्याकडे आहे. घरी येताना मी भीतभीतच विचारलं, "दादाकडे मागू का?"

आई म्हणाली, "कोण दादा?"

तुझी,
मधली