लीड्सच्या विहीणबाई

३ जानेवारी
लेकीचा, हिमानीचा, लीड्सहून फोन. लग्न त्या इंग्रज ऑलिव्हरशीच करणार म्हणे. मी बजावलं, मग लग्न इथेच, बदलापुरात, पूर्ण आपल्या पद्धतीने. एक विधी गाळलात तर हॉलची पायरी चढणार नाही. चटकन कबूल झाली. इंग्रजांना असंच नमवायचं असतं.

५ जानेवारी
निश्चय: त्या लोकांशी इंग्रजीत अवाक्षर बोलायचं नाही. शाळेत मराठी बोललं की सिस्टर अ‍ॅग्नेस बाकावर उभं करायची. आता त्यांची पाळी. मधू म्हणाला, मग बोलणार कोण, मला तर येत नाही. नवरा म्हणून काडीचा उपयोग नाही.

१२ जानेवारी
विष्णुपंत गुरुजी विचारत होते, हल्ली निम्मे विधी गाळतात, आपण काय करायचं? म्हटलं, एकाला हात लावून बघा!

९ फेब्रुवारी
आले. ऑलिव्हरची आई मार्गारेट. उंच, पांढरे केस, सरळ पाठ. थेट सिस्टर अ‍ॅग्नेस. ती दारात दिसताच मी ताडकन उभी राहिले. बसून पाय आखडले होते म्हणून. तोंडून सुरात निघालं, 'गुड मॉऽर्निंग, सिस्टर.' संध्याकाळचे सहा वाजले होते.

१० फेब्रुवारी, सकाळी
पोह्यांत मुद्दाम दुप्पट मिरच्या. मार्गारेटने घाम पुसत पुन्हा मागून घेतले. ढोंगी जात.

दुपारी
गुरुजींचा फोन. सीमांतपूजनात वरमाईचे पाय धुवायचे. कोणी? मुलीच्या आईने! म्हटलं, हा गाळा. म्हणाले, वहिनी, ताकीद तुमचीच. हिमानी म्हणाली, आई, एक गाळायचा तर सगळेच गाळू, लीड्सला जाऊन सह्या करू, तू व्हिडिओवर बघ. तांब्या घासायला काढला.

११ फेब्रुवारी
युक्ती सुचली. कंबर धरली म्हणायचं आणि मधूला पुढे करायचं. गुरुजी म्हणाले, विहिणीचे पाय विहिणीनेच धुवायचे. मधू पेढे वाटल्यासारखा खूश.

१२ फेब्रुवारी
धुतले. गुलाबी, थंडगार पाय. मार्गारेटला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती दचकली, मला हात धरून उठवलं, पाटावर बसवलं आणि तांब्या घेऊन माझेच पाय धुवायला लागली. गुरुजी ओरडले, अहो, असा विधीच नाही! मी तिला मराठीत खडसावणार होते. निघालं, 'नो सिस्टर, प्लीज सिस्टर.' अख्ख्या हॉलने ऐकलं. टाचांना भेगा आहेत माझ्या. लपवणार कुठे?
तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, आंटी, तुमचा शॉट हलला, एकदा परत धुवा ना, प्लीज.
हिमानी बघत होती.
परत वाकले.